चढावरची सहा मिनिटं

“बघा हं, आता थांबेल,” सिस्टर म्हणाल्या, आणि गाडी थांबली.

धक्का बसला नाही की आवाज झाला नाही. इतका वेळ चाललेली मोटरची बारीक गुणगुण मध्येच तुटली, समोर लाल दिवा लागला आणि ती दोन माणसांची छोटी गाडी भर चढावर जागच्या जागी उभी राहिली. सिस्टरांनी सवयीनं हँडब्रेक ओढला. खाली उतरल्या, मागून लाकडाचा एक ठोकळा काढून चाकाखाली सरकवला आणि हात झटकत परत येऊन बसल्या.

“ठोकळा कुणी दिला?” शेजारी बसलेल्या कारखान्याच्या माणसानं विचारलं.

“खाली सुतार आहे एक. म्हणाला, सिस्टर, तुमच्या गाडीला इंजिन तर नाहीच, निदान ठोकळा तरी असू दे.” त्या हसल्या. मग छातीला अडकवलेल्या घड्याळाकडे बघून म्हणाल्या, “आता सहा मिनिटं. कधी साडेपाच. उन्हात सात.”

सहा मिनिटं त्याला ठाऊक होती. कंट्रोलरच्या पोटातली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी तापली की सगळं बंद करायचं आणि ती निवली की पुन्हा चालू करायचं, हे त्यानंच ठरवलं होतं. टेबलावर, स्टॉपवॉच लावून, पंखा बंद करून त्यानं तो वेळ मोजला होता. सहा मिनिटं. वहीत लिहिताना आकडा चांगला वाटला होता.

कारखान्यात त्याला सगळे फ्यूज म्हणत. पाठीमागे म्हणत, पण त्याला माहीत होतं. मीटिंगमध्ये कुणाचा आवाज जरा चढला की हा वही मिटून उठायचा, म्हणून ते नाव पडलेलं. विजेवर चालणारी गाडी म्हटलं की लोक अजून हसायचे, असे ते दिवस होते. पूर्वी जिथं छत्र्या बनायच्या त्या शेडमध्ये चाळीस माणसं मिळून महिन्याला दहाबारा गाड्या उभ्या करायची. कुणी बॅटऱ्यांचं बघे, कुणी मोटरचं. कंट्रोलर मात्र फ्यूजचा. पायाखालचं पॅडल किती दाबलं त्यावरून बॅटरीतली किती वीज मोटरला द्यायची हे ठरवणारा, डब्याएवढा पेटारा. तो त्यानं एकट्यानं बनवला होता.

पहिला बनवला तेव्हा त्याला कसली मर्यादाच नव्हती. मोटर मागेल तेवढा प्रवाह तो द्यायचा. एके सकाळी शेडमध्येच चाचणी चालू असताना आतले ट्रान्झिस्टर जळाले. आता वीज तुटून गाडी बंद पडेल असं कुणालाही वाटावं, पण ट्रान्झिस्टर जळतात ते बहुतेक वेळा आतल्या आत जुळूनच बसतात, आणि मग मोटरला सगळी बॅटरी एकदम मिळते. पॅडल सोडलेलं असतानाही गाडी उसळली आणि समोरच्या भिंतीवर आदळली. चालवायला बसला होता फ्यूजच्या बायकोचा धाकटा भाऊ. हौसेनं बसला होता. त्याचा उजवा गुडघा त्या दिवसापासून वाकला नाही. मालकांनी त्याला स्टोअरमध्ये बैठं काम दिलं. बायको एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं फ्यूजला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

त्यानंतर त्यानं प्रवाह दोनशे अँपिअरवर बांधून टाकला. वर उष्णतेची मेख मारली. जरा शंका आली की सगळं बंद. गाडी चढावर दमेल, असं कुणीतरी मीटिंगमध्ये म्हणालं तेव्हा त्यानं वही मिटता मिटता सांगितलं होतं, “थांबलेली गाडी कुणाचं वाईट करत नाही.”

आणि तीन आठवड्यांपूर्वी पोस्टकार्ड आलं. ‘गाडी चढावर थांबते. कृपया पाहावे.’ एवढंच. खाली सही आणि दवाखान्याचा शिक्का. एखादी केबल ढिली झाली असेल असं धरून तो स्वतःच आला होता.

“तुम्ही तक्रार फार थोडक्यात लिहिलीत,” तो म्हणाला.

“जास्त काय लिहायचं? गाडी चांगली आहे हो. धूर नाही, आवाज नाही, पेशंट झोपलेला असला तर दारापर्यंत गेलं तरी जागा होत नाही. सपाटीवर तर पळते नुसती.” त्यांनी समोरच्या काचेवरची धूळ हातानं पुसली. “लिहायची नव्हतीच तक्रार. त्या दिवसानंतर लिहिली.”

“कोणत्या दिवसानंतर?”

सिस्टरांनी वर बोट दाखवलं. रस्ता वळून जिथं संपत होता तिथं चारपाच घरं दिसत होती. “शेवटचं, निळ्या दाराचं. पुस्तकं बांधायचे ते. छातीचं दुखणं जुनं. सकाळी निरोप आला, श्वास घेता येत नाहीये. मी इंजेक्शन घेतलं, ऑक्सिजनचा सिलिंडर मागे टाकला आणि निघाले. इथं थांबली. सहा मिनिटं बसले. निघाली, ती वरच्या वळणावर पुन्हा थांबली. सिलिंडरचं वजन होतं ना. दुसऱ्यांदा मात्र मला बसवेना. बॅग उचलली आणि चालत निघाले.”

“आणि सिलिंडर?”

“तो माझ्यानं उचलत नाही. गाडीतच राहिला. वर पोचल्यावर शेजारच्याला पळवलं आणायला.” त्यांनी घड्याळ सरळ केलं. “तो सिलिंडर घेऊन दारात आला तेव्हा मी त्यांचे डोळे मिटवत होते.”

समोरचा लाल दिवा अजून तसाच होता.

“सिलिंडर वेळेवर पोचला असता तर...”

“सांगता येत नाही. खरंच सांगते, येत नाही. कदाचित तसेही गेले असते.” सिस्टर त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. “पण सिलिंडर हातात असताना गेले असते तर मी रात्री झोपले असते.”

दिवा विझला. त्या उतरल्या, ठोकळा काढला, आणि गाडी पुन्हा गुणगुणत चढू लागली. निळ्या दाराशी पोचल्यावर फ्यूज गाडीतून उतरलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तो थेट वाइंडिंगच्या खोलीत गेला. तिथं सगळा कारभार मावशींचा. साठीला आलेल्या, जाड भिंगाचा चष्मा, बोटांना चिकटपट्ट्या. मोटरच्या कॉइलवर तांब्याचे वेढे घालणाऱ्या सहा बायका त्यांच्या हाताखाली होत्या आणि मालकसुद्धा त्या खोलीत जरा जपूनच बोलत.

“मावशी, ही मोटर चढाला कमी पडते.”

मावशींनी हातातली तार खाली ठेवली नाही. “आज कळलं होय तुला?”

“मर्यादा वाढवली तर पेटारा जळेल. नाही वाढवली तर...”

“अरे, पेटाऱ्याचं काय घेऊन बसलास? जाड तार, थोडे वेढे, की मोटर पळते. बारीक तार, जास्त वेढे, की ओढते. दोन्ही एकाच पोटात मावत नाही. पहिल्या वर्षी मी चौदा वेढ्यांची केली होती. बैलासारखी ओढायची. मालकांना वेग पाहिजे होता, नऊवर आणली. वेढे कमी झाले की तेवढ्याच ओढीला प्रवाह जास्त लागतो, हे मी शाळा न शिकलेली बाई सांगत होते, आणि तू शिकलेला समोर बसला होतास.” त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “तेव्हा तू बोलला असतास तर त्यांनी ऐकलं असतं. तू वही मिटून उठलास.”

हे खरं होतं. त्याला ती मीटिंग आठवली. मोटर नऊ वेढ्यांची झाली तर चढावर पेटारा तापणार, हे त्याला तिथंच, खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं होतं. पण मोटर त्याची नव्हती. त्यानं आपला पेटारा वाचवला, आपल्या मेहुण्याचा दुसरा गुडघा वाचवला, आणि उरलेलं सगळं चढावर सोडून दिलं.

“एक मोटर परत भरून द्याल?” त्यानं विचारलं. “चौदाची?”

“मालकांना विचारलंस?”

मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पुस्तकं बांधणाऱ्याचंही ऐकलं, चष्मा काढून डोळे चोळले. मग म्हणाले, “चौदा वेढे म्हणजे वेग किती?”

“बेचाळीस. फार तर त्रेचाळीस.”

“आपण जाहिरातीत पासष्ट छापलंय. साठच्या खालची गाडी सायकलवालासुद्धा घेणार नाही रे. गाडीच खपली नाही तर चढावर जायची कशी? आणि तीनशे गाड्यांत असल्या चढावर राहणारे किती असतील? दहा?”

“एक तरी आहेत.”

मालकांनी चष्मा पुन्हा चढवला. “त्या एका गाडीचं काय करायचं ते कर,” ते शेवटी म्हणाले. “बाकीच्यांना हात लावायचा नाही.”

सिस्टरांची गाडी कारखान्यात आणली आणि मावशींनी तिची मोटर स्वतःच्या हातानं भरली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. फ्यूज पेटारा उघडून बसला. आता त्याला तो तापल्यावर एकदम बंद व्हायला नको होता. तापला की प्रवाह थोडा थोडा उतरावा, गाडी मुंगीच्या पावलांनी का होईना, चालत राहावी. पण म्हणजे ट्रान्झिस्टर पूर्वीपेक्षा जास्त वेळ तापलेले राहणार. आणि तापलेले ट्रान्झिस्टर कधीतरी जळणारच, जळले की जुळणार. त्यासाठी त्यानं बॅटरीच्या वाटेतच एक मोठा कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज तोडणारा खटका, बसवला आणि डाव्या पायाशी एक वेगळं पॅडल दिलं. पेटाऱ्याचं काहीही होवो, ते पॅडल दाबलं की वीज तुटलीच पाहिजे. कागदावर तरी तुटत होती.

संध्याकाळी जेवताना त्यानं बायकोला सांगितलं. तिनं भाजी वाढता वाढता हात थांबवला.

“म्हणजे पुन्हा तसंच होऊ शकतं?”

“होऊ शकतं. म्हणूनच तर पॅडल दिलंय. पण ते खरंच चालतं का, हे बघायला मुद्दाम बिघाड करावा लागेल. चालत्या गाडीत.”

“आणि गाडीत बसणार कोण?”

“मी.”

“बिघाड कोण करणार मग? तो तर तुम्हालाच येतो.”

तिनं भाजी वाढली, स्वतःच्या ताटात काहीच न घेता उठली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी ती पुन्हा घासत होती.

स्टोअरमध्ये ही बातमी कशी पोचली कोण जाणे. सकाळी फ्यूज शेडमागच्या चढाच्या रस्त्यावर गाडी घेऊन गेला तर मेहुणा आधीच तिथं दगडावर बसलेला. न वाकणारा पाय समोर लांब केलेला.

“दाजी, मी बसतो.”

“डोकं फिरलंय का तुझं?”

“पॅडल डाव्या पायाचं आहे ना? डावा पाय ठणठणीत आहे माझा.” तो हसला. “आणि त्या गाडीनं उडी मारली की कसं वाटतं, हे कारखान्यात माझ्याएवढं कुणाला माहितीये?”

“तुझी ताई मला घरात घेणार नाही.”

“ताई तिकडेच उभी आहे, बघा.”

फाटकापाशी फ्यूजची बायको उभी होती. अपघातानंतर कारखान्यात तिनं पाऊल टाकलं नव्हतं. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती उभी होती. तिनं कुणाला हाकही मारली नाही की परत फिरण्याची खूणही केली नाही.

मागच्या बाजूला वाळूची दोन पोती टाकली, सिलिंडरच्या वजनाची. मेहुणा पाय आत ओढून घेत, दात आवळत बसला. गाडी चढाला लागली. अर्ध्यात आली, वळणाशी आली. लाल दिवा लागला. फ्यूज शेजारून धावत होता, नंतर धावायचीही गरज उरली नाही, इतकी ती हळू झाली. पण थांबली नाही. गुणगुणत, कुरकुरत, चढ संपवून वर गेली.

“चालली की हो!” मेहुणा आतून ओरडला.

आता राहिलं होतं ते डावं पॅडल. गाडी सपाट रस्त्यावर घेतली. समोर पन्नास पावलांवर रिकामी पिंपं रचून ठेवली. पेटाऱ्यातून फ्यूजनं दोन जाड तारा बाहेर काढल्या होत्या. गाडी हळू चालत असताना त्यानं बाजूनं चालत जाऊन त्या एकमेकींत अडकवायच्या, म्हणजे ट्रान्झिस्टर जळाल्यासारखंच होणार. गाडी सुरू झाली. तो बाजूनं चालू लागला. रबरी हातमोज्यात त्याचे हात घामानं चिंब झाले होते. तारा एकमेकींपासून चार बोटं अंतरावर आल्या आणि तिथंच राहिल्या. त्याच्या हातून होईना. दहा पावलं गेली. वीस गेली.

“दाजी,” आतून आवाज आला. अगदी शांत. “लावा.”

त्यानं लावल्या.

ठिणगी उडाली आणि गाडी हातातून सुटल्यासारखी उसळली. तोच उसळता आवाज, मागच्या वेळचा. फ्यूज तिथंच उभा राहिला, पळायचंही त्याला सुचलं नाही. मग ‘खट्’ असा आवाज झाला, पोकळ, जरा मोठा. गाडीतला जीव गेला, ती तशीच घरंगळत गेली आणि पिंपांच्या अलीकडे दोन हातांवर उभी राहिली.

मेहुणा दार उघडून बाहेर पडेना. फ्यूज धावत पोचला तेव्हा तो दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला होता. डावा पाय पॅडलवरच दाबलेला होता.

“तुटली ना?” त्यानं विचारलं.

“तुटली.”

“मग पाय काढू?”

फ्यूजनं खाली वाकून स्वतः त्याचा पाय पॅडलवरून उचलला. फाटकाकडे पाहिलं तर तिथं कुणी नव्हतं. रात्री दिवा मालवताना बायको एवढंच म्हणाली, “त्या वेळी तुम्ही मला म्हणाला होतात, चूक मशीनची होती. या वेळी मशीनवर ढकललं नाहीत, तेवढं पुरे.”

गाडी परत दिली त्या दिवशी सिस्टरांनी त्याला शेजारी बसवून चढ चढून दाखवला. वळणावर लाल दिवा लागला, गाडी हळू झाली, एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत त्यांच्या बरोबरीनं चालत होते ते थोडे पुढेच गेले. सिस्टर खळखळून हसल्या. “सपाटीवर स्कूटरवाले पुढे जातात आता. हात करतात मला. करू देत.” मग वर आल्यावर निळ्या दाराशी त्यांनी गाडी थांबवली. “बाकीच्या गाड्यांचं काय?”

“त्या तशाच आहेत,” तो म्हणाला.

सिस्टरांनी मान हलवली. शेजारच्या घरी ड्रेसिंग करायचं होतं, त्या बॅग घेऊन गेल्या.

फ्यूज गाडीतून उतरला. निळ्या दाराच्या घरामागे अंगण होतं. दोरीवर कपडे वाळत होते आणि एक पन्नाशीची बाई, पुस्तकं बांधणाऱ्यांची बायको असावी, चिमटे काढून काढून तोंडात धरत होती. त्याला पाहून तिनं ते हातात घेतले.

“मीटर बघायला आलात का? पुढच्या बाजूला आहे.”

“नाही. मी...” गाडीकडे हात करून तो म्हणाला, “मी ही गाडी बनवतो. सिस्टरांची. म्हणजे तिच्यातला एक भाग.”

“हो का? छान आहे. आवाज नाही करत.”

“त्या दिवशी ती चढावर थांबली. दोनदा. ती थांबली कारण मी तिला तशी बनवली होती. तापली की बंद पडायची. हे तुम्हाला सांगायला आलो.”

बाई त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग यायची तो वाट बघत होता. राग आला नाही. तिला काहीतरी नीट समजून घ्यायचं होतं, असं वाटलं.

“दोनदा थांबली? किती वेळ?”

“पहिल्यांदा सहा मिनिटं. मग वरच्या वळणापासून त्या चालत आल्या. सिलिंडर खालीच राहिला. सगळं मिळून वीस मिनिटं तरी गेली.”

“वीस मिनिटं,” ती म्हणाली. “सिस्टरांनी मला हे काही सांगितलं नाही. त्या दारात आल्या तर धापा टाकत होत्या, तोंडातून शब्द फुटेना. मला वाटलं, या बाईच पडतील. मी आधी त्यांना पाणी दिलं. माठ रिकामा होता, मागच्या नळाला जाऊन तांब्या भरून आणला.” तिनं हातातले चिमटे एकावर एक नीट धरले. “तेव्हापासून रोज तेच डोक्यात येतं. आपण पाणी आणायला गेलो. तेवढ्यात गेले.”

“नाही,” तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच मोठा वाटला. “वेळ पाण्यात नाही गेला. वेळ खाली गेला, चढावर. तुम्ही पाणी आणायला गेलात त्याच्या आधीच गेला होता.”

तिनं मान खाली घातली. शेजारच्या घरातून सिस्टरांचा कुणाला तरी रागावण्याचा आवाज येत होता. मग बाईनं डोळे पदरानं पुसले, दोरीवरची मोठी चादर ओढून काढली आणि तिची दोन टोकं त्याच्यापुढे केली.

“धरा जरा. एकटीला जमत नाही ही.”

त्यानं टोकं धरली. ती मागे मागे जात अंगणाच्या दुसऱ्या कडेला उभी राहिली, चादर मधोमध ताणली गेली, तिनं एक हिसका दिला, त्यानं उशिरानं दिला. आधी आडवी दुमडायची की उभी, हे त्याला कळेना. ती आपली टोकं धरून थांबली. मग तो चार पावलं पुढे आला आणि हातातली टोकं त्यानं तिच्या टोकांवर नीट ठेवली.